उरलेल्या मुदतीपुरती

आमच्या मंडळाची सभा नोटिशीत चारला असायची आणि भरायची साडेचारला. यात आळस कुणाचाच नव्हता. परळच्या ज्या चाळीत मंडळाची खोली होती, तिथले निम्मे पुरुष साडेतीनच्या भोंग्याला गिरणीतून सुटायचे नि घरी येऊन चहा मागायचे. त्यांना चहा देऊन, कपबश्या विसळून, केसांवरून हात फिरवून बायका वर येईपर्यंत साडेचार व्हायचेच. मंडळाच्या घटनेत एक नियम होता, तो आम्हाला देवासारखा पावला होता. ठरल्या वेळी कार्यकारी मंडळातल्या पाचजणी हजर नसतील तर गणसंख्येअभावी सभा तहकूब करावी, आणि तीच सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरवावी. मग किती का माणसं असेनात, चालतं. म्हणून दर महिन्याला चार वाजता अध्यक्षबाई, चिटणीसबाई आणि मी अशा तिघी चटईवर बसायचो, अध्यक्षबाई घड्याळ बघून "तहकूब" म्हणायच्या, आणि मग अर्धा तास नुसतं पदराने वारा घेत बसायचं. या अर्ध्या तासाने पुढे एका बाईचं काय केलं, ते सांगायला बसलेय. सांगून आता काही होणार नाही, ते मला कळतं.

मी राहायला गिरगावात, शाळाही गिरगावातच. वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, आई आधीच गेलेली, माझं लग्न झालेलं नाही. तेव्हा 'बाई रिकामीच आहे' असा सगळ्यांचा समज. रिकामी! पहाटे उठून वडिलांचं सगळं करायचं, शेजारच्या काकूंना त्यांच्याकडे लक्ष ठेवायला सांगायचं, शाळेत पाच तास घसा फोडायचा, आणि आठवड्यातून दोनदा ट्रामने परळला जाऊन गिरणीकामगारांच्या बायकांना लिहावाचायला शिकवायचं. कुणी सांगितलं होतं? एका मैत्रिणीने एकदा "माझ्याऐवजी चार दिवस जाशील का गं?" म्हणून विचारलं, आणि ते चार दिवस सहा वर्षं चालले होते. त्यातच मला कुणीतरी सहचिटणीस करून टाकलं. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो. माझ्यात तो संध्याकाळपर्यंत उरत नसे.

चिटणीसबाई मला त्याच वर्गात भेटली. मालवणकडची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, नवरा गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, विणकर. एका खोलीत ती खानावळ चालवायची; गावाकडून एकटे आलेले दहा-बारा गिरणीवाले तिच्याकडे जेवायचे. तोंडावर मी तिला 'अहो' म्हणायचे, मनात मात्र 'ती'च. बाई शिकायला आली ती रागाने. गावाहून आईचं पत्र आलं की खालच्या मजल्यावरचा एक गृहस्थ ते वाचून दाखवायचा, आणि वाचायचा असा खणखणीत की आईच्या पोटदुखीपासून भावजयीच्या भांडणापर्यंत सगळं अख्ख्या गॅलरीला कळायचं. "माझ्या आवशीचा पत्र सगळ्या चाळीन कित्याक ऐकूचा?" म्हणाली, आणि पाटी घेऊन बसली. एरवी आमच्याशी बोलताना ती आमच्यासारखं बोलायची, पण राग आला किंवा जीव घाबरा झाला की मालवणी वर यायची. पीठ मळून मळून हात इतका दणकट झालेला की पेन्सिली मोडायची. पण हट्टी! दीड वर्षात वाचायला लागली. आणि आयुष्यातलं पहिलं पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलं ते कुठलं, तर आमच्या मंडळाची घटना. गुलाबी कव्हराची पातळशी पुस्तिका. आमच्यापैकी कुणी ती धड वाचलेली नव्हती, अध्यक्षबाईंनीसुद्धा नाही. ही मात्र तांदळाच्या डब्यावर ठेवून, ओळीखाली बोट धरून वाचायची आणि मला अडवायची, "बाई, पदसिद्ध म्हणजे कोण सिद्ध?"

आधीच्या चिटणीस माटुंग्याला बिऱ्हाड हलवून गेल्या तेव्हा वार्षिक सभेत कुणीच पुढे येईना. सगळ्याजणी एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. तेवढ्यात हिने स्वतःच हात वर केला. दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. अध्यक्षबाईंनी विचारलं, "सही जमेल ना?" ही म्हणाली, "जमेल." सभा संपल्यावर माझ्या शेजारी बसून 'चिटणीस' हा शब्द पाटीवर लिहून घेतला आणि दिवेलागणीपर्यंत गिरवत बसली. तिच्या सहीची पहिली नोटीस चाळीच्या दाराला लागली, त्या दिवशी तिचा नवरा कामावरून आल्यावर घरात गेलाच नाही. तिथेच उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होता, "वाच रे, खाली काय लिहिलाय तां वाच."

त्या एका शब्दासाठी ती जीव टाकायची. हे मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. खानावळीतल्या माणसांनी तिला मावशी म्हटलं, चाळीने अमक्याची बायको म्हटलं. तिच्या नावापुढे तिचं स्वतःचं म्हणून काही लागलं ते हे एवढंच.

मंडळाची वही कशी लिहायची ते तिला मी शिकवलं. प्रत्येक सभेला नवीन पान, नवीन क्रमांक, वर तारीख, मग हजर कोण, गैरहजर कोण. शाळेतल्या मुलींना सांगतात तसं सांगितलं. बाईने ते अक्षरशः घेतलं. चारची सभा, तिला एक पान, एक क्रमांक. खाली 'गणसंख्येअभावी तहकूब'. साडेचारची सभा, तिला दुसरं पान, पुढचा क्रमांक. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सांगणार होते की अहो, ही सभा एकच आहे, अर्ध्या तासाने दोन होत नाहीत. पण पट्टी धरून ओढलेला तिचा तो समास बघितला, आणि म्हटलं, जाऊ दे. वही लवकर भरेल, यापलीकडे काय होणार आहे! पाच तास बडबड केल्यावर एखाद्या मुलीची चूक दिसूनही आपण वहीचं पान उलटतो ना, तसंच ते झालं. मास्तरणी असं पुष्कळदा करतात. कबूल कोणी करत नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गिरगावात अश्रुधूर, परळ-लालबागला मोर्चे, रोज कुठे ना कुठे सभा, शाळा आज चालू तर उद्या बंद. मला मुंबई नको होती असं नाही. कुणाला नको होती? पण बुडालेले दिवस भरून काढायला शनिवारी दुपारीही शाळा भरायची, ट्राम मध्येच थांबायच्या, आणि धुराने वडिलांना खोकल्याची उबळ आली की दोन दोन तास जायची नाही. घोषणा ऐकल्या की माझ्या अंगावर काटा यायचा आणि त्याच वेळी मनात यायचं, हे लवकर संपू दे रे बाबा.

एका दुपारी चिटणीसबाई वर्गाला आली ती गुलाबी पुस्तिका घेऊनच. चाळीतल्या बायकांची एक तुकडी फोर्टात सत्याग्रहाला जाणार होती, त्यात तिचं नाव होतं. खानावळ जावेवर सोपवून झाली होती. तिची अडचण निराळीच. एका नियमावर बोट ठेवून तिने तो मला वाचून दाखवला. लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहणाऱ्या पदाधिकाऱ्याचे पद रिकामे झाले असे समजावे, आणि उरलेल्या मुदतीसाठी कार्यकारी मंडळाने आपल्यातल्या एका सभासदाची नेमणूक करावी.

"दोन म्हयन्यांची शिक्षा होता म्हणतत," ती म्हणाली. "बाई, दोन म्हयन्यात सभा किती?"

"महिन्याला एक. म्हणजे दोन."

"नक्की दोन?"

"अहो दोनच! त्यात काय हिशेब?"

तिने तरी बोटांवर मोजून पाहिलं. "मग तीन काय होनत नाय," म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला तो मी डोळ्यांनी पाहिला. तुरुंगाची तिला भीती नव्हती. जाताना वही माझ्या हातात दिली. "माझ्यासारखीच लिवा हां. पानां चुकवू नकात. आणि माझी जागा सांभाळा. मी इलंय की परत बसतंय."

झालं. ती गेली, पकडली गेली, दोन महिन्यांची शिक्षा झाली, आणि बायकांना बाहेरगावच्या तुरुंगात नेलं असं कळलं.

पहिल्या महिन्यात चार वाजता मी आणि अध्यक्षबाई दोघीच. तहकूब. मी वही उघडली आणि तिने सांगितलं होतं तसं लिहिलं, सभा सदतीसावी; गैरहजर, चिटणीस. साडेचारला बायका आल्या. नवीन पान, सभा अडतीसावी; गैरहजर, चिटणीस. हात आपोआप चालला. मनात दुसरंच काहीतरी होतं, बहुतेक वडिलांचं औषध.

दुसऱ्या महिन्यातल्या सभेचा दिवस मला तासातासाने आठवतो. सकाळी वडील खाटेवरून खाली सरकले. मला एकटीला ते उचलवेनात. शेजारचे दोघेजण बोलावून आणले. शाळेत इन्स्पेक्टर येणार म्हणून कपाटं आवरायची होती. ट्राम लालबागला थांबली ती थांबलीच, तिथून उन्हात चालत आले. चार वाजता आम्ही दोघी, तहकूब, सभा एकोणचाळीसावी. साडेचारला सहाजणी आल्या आणि मी चाळीसावीचं पान उघडलं. माझ्या पायाला चपलेने फोड आला होता आणि मला फक्त घरी जायचं होतं.

अध्यक्षबाई दादरच्या. त्यांचे यजमान सरकारी दवाखान्यात डॉक्टर. बाई वाईट नव्हत्या, हे मी आजही म्हणेन. मंडळाच्या बालवाडीतल्या पोरांना स्वतः न्हाऊ घालायच्या, कुणाच्या बाळंतपणात नवऱ्याला घेऊन धावायच्या. पण त्या दिवशी त्यांच्यासमोर एक अर्ज होता. बालवाडीला म्युनिसिपालटीच्या शाळेतला एक वर्ग मिळणार होता आणि सोमवारपर्यंत अर्जावर चिटणिसाची सही हवी होती. त्या म्हणाल्या, "चिटणीस तर तुरुंगात. आणि खरं सांगू का, तुरुंगात असलेल्या बाईचं नाव सरकारी कागदावर आपण घालायचं म्हणजे..." यजमानांची नोकरी सगळ्यांनाच ठाऊक होती. मग त्यांनी वही ओढून घेतली आणि पानं उलटली. "सदतीस, गैरहजर. अडतीस, गैरहजर. एकोणचाळीस, गैरहजर. अहो, तीन झाल्या की! म्हणजे नियमाप्रमाणे पद रिकामं झालंय."

त्यांना खरंच तसं वाटलं की वाट सापडली म्हणून बरं वाटलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दाराशी बसलेली एक गिरणीवाली म्हणाली, "असां कसां? ती गेल्यापासून आपण दोनदाच तर भेटलो. आज नि मागच्या म्हयन्यात."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शिकलेली बाई मीच ना त्यांच्यात. मला ठाऊक होतं. तहकूब सभा आणि तिच्यामागून भरलेली सभा एकच, हे घटनेत काळ्यावर पांढरं... बघा, म्हणसुद्धा उलटी येतेय तोंडात. पांढऱ्यावर काळं लिहिलेलं होतं, 'तीच सभा'. अर्जावर 'चिटणिसांकरिता' म्हणून मी सही केली असती तरी चाललं असतं, हेही ठाऊक होतं. शाळेत हेडबाई नसल्या की आम्ही तसंच करायचो. एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललं की अध्यक्षबाई 'का' विचारणार, मग पुस्तिका काढणार, मग वाद, मग सहा वाजणार, शेजारच्या काकू वडिलांना सोडून स्वयंपाकाला जाणार. हे सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं.

"वहीत तसं आहे खरं," मी म्हटलं.

मग उरलेल्या मुदतीसाठी नेमायचं कुणाला? "बाईंनाच करा, त्या लिहितातच नाहीतरी." हात वर झाले. दाराशी बसलेलीचाही झाला, अर्धवट. पाच मिनिटांत आटोपलं. अर्जावर मी माझं नाव लिहिलं आणि त्याखाली 'चिटणीस'. परत जाताना ट्राममध्ये बसायला जागा मिळाली, त्याचाच मला आनंद झाला होता. कशाला खोटं बोलू? वाईट वाटलं ते तिसऱ्या दिवशी.

तिसऱ्या दिवशी तुरुंगातून कार्ड आलं. माझ्या शाळेच्या पत्त्यावर, मधल्या सुट्टीत शिपायाने आणून दिलं. मोठाली अक्षरं, ओळी खाली उतरत गेलेल्या. आम्ही सर्व ठीक आहोत. इथे पण मी दोघींना बाराखडी शिकवते. आता दोन सभा झाल्या असतील. तिसरीला मी हजर आहे. खाली पूर्ण नाव, आणि नावाखाली, थोडी जागा सोडून, तो शब्द.

मी ते कार्ड घेऊन शाळेच्या मोरीत गेले आणि तोंड धुतलं. सुटका झाल्यावर तिला भेटायला जायचं, आपणच सांगायचं, असं रोज ठरवत होते. ती सुटली. नाक्यावर हार घालून मिरवणूक निघाली असं ऐकलं. मी गेले नाही. आज वडील, उद्या पेपर तपासायचे, परवा डोकं दुखतंय. निमित्तांना तोटा नव्हता.

सभेच्या दिवशी मी पोचले तेव्हा चारला पाच कमी होते. ती आधीच बसलेली, चिटणिसाच्या जागी, मंडळाच्या कागदांच्या ट्रंकेला टेकून. डोक्याला तेल, ठेवणीतलं लुगडं, हातात स्वतःचं पेन. तोंड उतरून एवढंसं झालेलं. अध्यक्षबाई पलीकडे पंख्याने वारा घेत होत्या, फारच जोरात. चाळीत गोष्ट लपते थोडीच! कुणीतरी तिला सांगितलं होतं. पण तिने कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नव्हता, ते तिच्या बसण्यावरून दिसत होतं.

"बाई, वही," ती म्हणाली.

मी दिली. तिने सदतीसाव्या सभेचं पान उघडलं आणि वाचायला लागली, तशीच, ओळीखाली बोट धरून. चार पानं. मला ती चार पानं जन्माची वाटली. चाळीसाव्या सभेच्या पानावर तिचं बोट ठरावावर आलं आणि तिने तो ठराव मोठ्याने वाचला. पद रिकामे झाल्याने. उरलेल्या मुदतीपुरती. एकही अक्षर अडलं नाही. मीच शिकवलं होतं ना.

मग तिने मान वर केली. "बाई, तुम्ही माका दोन सांगितलात."

"हो."

"आणि हंय लिवलात चार."

"हो."

"मग दोन खरे काय चार खरे?"

माझ्यावर ओरडली असती तर मी रडून मोकळी झाले असते. पण ती खरंच विचारत होती. वर्गात विचारायची तसं. माझं उत्तर ती पाटीवर उतरवून घेणार होती. अध्यक्षबाईंचा पंखा थांबला. अर्ज जाऊन वर्ग मंजूर झाला होता, माझी सही खाली होती, आता दोन म्हणायचं म्हणजे सगळंच उकरून काढायचं.

"वहीत चार आहेत," मी म्हटलं.

तिने वही मिटली, दोन्ही हातांनी माझ्यापुढे सरकवली, आणि उठून गॅलरीत गेली. मला वाटलं, गेली ती गेलीच. अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या, "चार वाजले. तहकूब म्हणू या?" तेवढ्यात जिन्याकडून धपधप पावलं वाजली. ती परत आली, आणि मागे तिघी. एकीच्या हाताला पीठ, एकीच्या डोक्याला न्हाऊन बांधलेलं फडकं. कार्यकारीतल्याच बायका, साडेचारला येणाऱ्या. दारात उभं राहून तिने बोटाने मोजलं. अध्यक्षबाई, मी आणि त्या तिघी.

"पाच झाली," ती म्हणाली. "चालू करा. तहकूब नको." आणि स्वतः उंबऱ्याशी, साध्या सभासदांच्या जागी बसली.

त्या दिवसापासून आमच्या मंडळाची एकही सभा तहकूब झाली नाही. दर महिन्याला चारच्या ठोक्याला पाचजणी हजर. कशा, ते तीच जाणे. कुणाच्या नवऱ्याचा चहा तिच्या खानावळीत व्हायचा म्हणे, कुणाचं पोर तिच्या जावेच्या कडेवर असायचं. माझीच ट्राम कधी उशीर करायची. मी धापा टाकत आले की उंबऱ्यावरून आवाज यायचा, "टायमार येवा हां, बाई." रागाने नाही, चेष्टेनेही नाही. आणि वर्गाला ती पुन्हा आली नाही. आता तिला येत होतं सगळं, असं मी स्वतःची समजूत घालत असे.

त्या वर्षाची वार्षिक सभा म्युनिसिपालटीच्या त्याच शाळेत भरली, बालवाडीच्या वर्गात. सगळ्या सभासद, चटया कमी पडल्या. पुढल्या मुदतीसाठी पदाधिकारी निवडायचे होते. मी महिनाभर आधीपासून मनाशी घोकत होते, आणि निवडणुकीचा विषय निघाल्याबरोबर उभी राहिले. म्हटलं, "मला एक दुरुस्ती सांगायची आहे. तहकूब सभा आणि मागून भरलेली सभा ही घटनेप्रमाणे एकच. तेव्हा सभा दोनच झाल्या होत्या. चिटणीसबाईंचं पद रिकामं झालंच नव्हतं. आणि हे मला तेव्हाही ठाऊक होतं." अध्यक्षबाई मान खाली घालून टेबलावरचे कागद सारखे करत होत्या. मी पुढे म्हटलं, "या मुदतीसाठी मी त्यांचं नाव सुचवते."

ती दाराशी होती, आपण आणलेल्या बायकांमध्ये. उठली. मला वाटलं होतं हसेल, किंवा रडेल, निदान डोळे तरी भरतील. लुगड्याचा ओचा सारखा करत ती म्हणाली, "आता कित्याक, बाई? ती मुदत सरली."

"पण नवी मुदत आहे ना!" मी म्हटलं. माझा आवाज मलाच लहान मुलीसारखा वाटला.

"नको. लिवणारी तुम्ही. मी माणसां घेवन येतंय." आणि खाली बसली. बाजूच्या दोघीतिघींनी तिला ढोसलं, "अगो, हो म्हण!" तिने नकाराची मान हलवली.

दुसरं कुणी पुढे येईना. पुन्हा माझंच नाव आलं, हात वर झाले, त्यात तिचाही होता, सगळ्यांच्या आधी. उरलेल्या मुदतीपुरती म्हणून बसले, ती पुढे अकरा वर्षं चिटणीस राहिले. मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीला कंदील लागले होते. तिने खानावळीत कढईभर शिरा केला नि माझी वाटी जावेच्या हाती मंडळाच्या खोलीत पाठवली. शिरा चांगला झाला होता. वाटी परत द्यायला मी खाली गेले, तर "ठेवा ताटाळ्यार" म्हणत भांड्यांच्या फळीकडे मान वळवली आणि पोळ्या लाटत राहिली.

आता एकच सांगायचं राहिलं. वार्षिक सभा संपल्यावर इतिवृत्त लिहायला मी तिथेच बसले. अध्यक्षबाई जवळ येऊन म्हणाल्या, "ते तुमचं दुरुस्तीचं... विषयपत्रिकेत नव्हतं. लिहायलाच हवं का?" खूप दमलेल्या दिसत होत्या त्याही. बाहेर बायका चटया झटकत होत्या, सहा वाजत आले होते, घरी वडील वाट बघत होते. म्हटलं, आज राहू दे, उद्या सावकाश नीट शब्दांत लिहू. निवडणुकीचा ठराव लिहिला, सही केली, वही पिशवीत ठेवली. पुढच्या महिन्याला चारच्या ठोक्याला सभा भरली तेव्हा तिने मागील इतिवृत्त मन लावून ऐकलं आणि सगळ्यांबरोबर 'कायम' म्हणून हात वर केला. वहीत अजून चारच सभा आहेत.